लाल औषध



सातवी शिकलेल्या बाईने कर्करोगाच्या औषधावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण माझ्या जाऊबाईंस स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा नागपूरच्या रुग्णालयात त्यांच्या उशाशी मीच बसत असे. तेथे जे विचारून घेतले, ते सांगते.

दर तीन आठवड्यांनी एक, असे त्यांना लाल औषधाचे चार डोस दिले. नाव डॉक्सोरुबिसिन. हे मूळचे मातीतले. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो तो ज्या सूक्ष्म जंतूंच्या कुळामुळे, त्याच कुळाने क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन दिले आणि हेही दिले. इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत १९५० नंतरच्या दशकात संशोधकांना लाल रंग तयार करणारा जंतू सापडला. त्यापासून आधी रक्ताच्या कर्करोगावरचे डॉनोरुबिसिन निघाले. मग त्याच जंतूत फेरफार करून हे मिळाले. तिकडच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्यास अ‍ॅड्रिआमायसिन असेही नाव पडले.

पेशीच्या आत वंशाचा जो धागा असतो, त्यात हे औषध शिरून बसते. मग पेशीला वाढता येत नाही. केसांची मुळेही भराभर वाढणारी, म्हणून तीही मार खातात. केस गळतात, पण उपचार संपल्यावर पुन्हा येतात. हे ठाऊक नसल्याने बायका मधेच उपचार सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. लघवी एकदोन दिवस लाल होते. जाऊबाई रक्त समजून रडू लागल्या होत्या! तो औषधाचाच रंग.

खरी काळजी निराळीच आहे. सुईच्या जागी आग झाली तर संकोच न करता लगेच नर्सबाईंस सांगावे. औषध शिरेबाहेर गेले तर मांस जळते. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ताप आला तर घरी काढा करीत बसू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

आणि हृदय. याचा परिणाम हृदयावर साठत जातो, म्हणून आधी हृदयाची सोनोग्राफी करतात आणि जन्मभरात एकूण किती औषध दिले याचा हिशेब ठेवतात. दहा वर्षांनी रोग उलटला तरी मागचा हिशेब धरावाच लागतो. तेव्हा ती फाईल रद्दीत जाऊ देऊ नका. जाऊबाईंची आम्ही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली आहे.