मोटारीच्या पोटांतील शेगडी

टोरोंटो अथवा शिकागोसारख्या नगरांत ऐन हिवाळ्यांत मोटारीचें दार लावून घेतांच जी ऊब लाभते, तिची किंमत ती नाहींशी झाल्यावांचून कळत नाहीं. ही ऊब निराळें इंधन जाळून मिळत नसते. पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाच्या कामीं येत नाहीं. त्यांतील कांहीं उष्णता कूलंट नांवाचा द्रव वाहून नेतो. त्याचा एक फांटा रबरी नळीवाटे डॅशबोर्डामागें दडलेल्या एका लहानशा जाळीदार पेटींत येतो. हीच ‘हीटर कोअर’. रेडिएटरची धाकटी बहीणच म्हणावी. सुमारें ९० अंश सेंटिग्रेड उष्णतेचा द्रव तिच्या बारीक नळ्यांतून फिरतो, पंखा तिच्यावर वारा घालतो, आणि तो वारा उबदार होऊन प्रवाशांच्या पायांशीं व पुढील कांचेवर येतो.

ही पेटी दोन प्रकारें आजारी पडते. एक तुंबून, दुसरा गळून. इंजिन तापल्यावर आणि हीटर पूर्ण उघडल्यावर दोन नळ्यांपैकीं एक गरम व दुसरी गार राहिली, तर बहुधा मार्ग तुंबलेला असतो. अशा वेळीं उलट दिशेनें पाणी सोडून तो मोकळा होतो काय, हें आधीं पाहावें. परंतु गाडींत गोडसर वास येऊं लागला, कांचेवर पुसूनही न जाणारें तेलकट धुकें जमूं लागलें, पुढील आसनाखालचा गालिचा ओला झाला आणि कूलंट कमी होत चालला, तर पेटी गळते आहे असें समजावें. कूलंटमधील गंजरोधक द्रव्यें कालांतरानें क्षीण होतात आणि तो वेळेवर न बदलल्यास धातु आंतून खाल्ला जातो.

खरी अडचण पुढेंच आहे. १९८४ ते २००१ या काळांत अमेरिकेंत निघालेली जीप चेरोकी हें तिचें परिचित उदाहरण होय. तिच्यांत ही पेटी वातानुकूलनाच्या गार जाळीसह एकाच खोक्यांत असते, आणि तें खोकें काढण्यासाठीं डॅशबोर्ड सोडवावा लागतो. म्हणजे वस्तु वीतभर आणि श्रम दिवसभर! मजुरीपुढें वस्तूची किंमत किरकोळ ठरते.

काम क्रमानेंच व्हावें. एअरबॅग असलेल्या गाडींत प्रथम बॅटरी सोडवून निर्मात्यानें सांगितलेला वेळ थांबावें. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट काढावा. वातानुकूलनाचा वायु हवेंत सोडूं नये. अमेरिकेंत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीनें तशी मनाई आहे. तो यंत्रानें भरून घ्यावा लागतो. प्रत्येक जागेचे स्क्रू निराळ्या डबींत ठेवून त्यावर नांव लिहावें. खोकें उघडलेंच आहे, तर झडपांचा झिजलेला फोम, जुन्या नळ्या व त्यांचे पट्टे त्याच वेळीं बदलावे. पुन्हां तोच डोंगर खणावा लागत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, डॅशबोर्ड परत बसविण्यापूर्वीं नवी पेटी दाब देऊन तपासावी. शेवटीं कूलंट भरतांना आंत अडकलेली हवा काढून टाकावी.

श्रम टाळण्यासाठीं कोणी दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून पेटीस वगळतात. गळती थांबते, गाडीही चालते. परंतु गोठत्या थंडींत कांच स्वच्छ होईनाशी होते, आणि ज्यास रस्ता दिसत नाहीं त्याची ती बचत प्राणांवर बेतूं शकते. गळती बुजविणारी पूडही या बारीक नळ्याच तुंबवूं शकते. काढलेला कूलंट उघड्या भांड्यांत मुळींच ठेवूं नये. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, परंतु विषारी असतें. लहान मुलें आणि कुत्रीं त्या गोडीस फसतात.

मुंबईच्या गृहस्थास हीटर क्वचितच आठवतो. तथापि अनेक मोटारींत ऊब नको असतांही कूलंट या पेटींतून बारा महिने वाहत असतो. न वापरलेली शेगडीही म्हणून झिजते. साधें नळाचें पाणी ओतून वेळ मारून नेण्यापेक्षां निर्मात्यानें सांगितलेला द्रव ठरल्या मुदतींत बदलणें, हाच डॅशबोर्ड न उघडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.