लुकलुकता दिवा आणि विहिरीवरची मोटार



केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे खरं. पण धरणापासून लांबच्या शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर. रात्री लाईट आली की मोटार सुरू होते, आणि पाणी तुटलं तरी कोरडीच फिरत राहते. सकाळी पाहावं तो वाइंडिंग जळालेलं! पाणी सरताच मोटार बंद करणारं यंत्र करायचं, म्हणून माझा एक विद्यार्थी आर्डुइनोची पाटी घेऊन आला. २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावी विद्यार्थ्यांसाठी निघालेली ही तळहाताएवढी पाटी. तीत भरायला त्यानं दोनशे ओळींचा प्रोग्रॅम कुठूनसा उतरवून घेतला होता. मोटारीच्या जागी बल्ब लावून पाहिला, तर पाणी सरलं तरी तो विझेना. आणि का विझेना, हे त्याला सांगता येईना.

मी म्हटलं, "हा बाजूला ठेव. आधी कित्ता गिरव."

आर्डुइनोबरोबरच असे कित्ते मिळतात. पहिला 'ब्लिंक': दिवा एक सेकंद पेटव, एक सेकंद विझव. चार-सहाच ओळी, पण पुरत्या. तशाच भरल्या की चालतात. (पुस्तकांत 'उरलेला भाग विद्यार्थ्यांनी भरावा' म्हणून अर्धेमुर्धे तुकडे छापतात, त्यांचा मला मनस्वी राग आहे.) आकडा बदलला की दिव्याची चाल बदलते. दुसरा कित्ता बटणाचा. तोही बिनचूक चालला.

मग दोन्ही एकत्र केले, आणि बटण दाबलं तरी पाटी दाद देईना! कारण 'डिले' म्हणजे थांबणं, आणि थांबलेली पाटी बटणाकडे पाहतच नाही. चुलीवर दूध ठेवून भाकरी थापणारी बाई मधूनमधून दुधाकडे नजर टाकते. ही मात्र भिंतीकडे तोंड करून बसते. पोरानं ताबडतोब आपला मोठा प्रोग्रॅम उघडला. त्यात मधोमध पाच मिनिटांचा 'डिले' होता! तेवढा वेळ मोटार कोरडी फिरली असती.

उपाय तिसऱ्या कित्त्यात आहे. 'मिलिस' हे पाटीचं घड्याळ, सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारं. थांबायचं नाही, घड्याळ पाहत फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीला पाण्याकडे पाहायचं.

शिक्षकबंधुभगिनींनो, कित्ता चालवण्याआधी मुलांना विचारा, "आता काय होईल?" उत्तर चुकलं तर फळ्यावर लिहून ठेवा, मगच दिवा लावा.

आमच्या टेबलावर अजून बल्बच आहे. तरंगता स्विच बादलीत सोडलाय, पाणी उपसलं की बल्ब विझतो. खरा स्टार्टर जोडायला मात्र वायरमनलाच बोलावणार आहोत.