मोडलेला हात आणि सुगी



गेल्या सुगीत प्रात्यक्षिक दाखवताना जू हातावर पडले अन् माझ्या तळहाताचे हाड मोडले. वाटले, आता ऑपरेशन! पण एक्स-रेमध्ये हाड जागेवरच दिसले. डॉक्टरांनी आधाराची पट्टी बांधली, ४ आठवड्यांत हाड जुळून आले.

म्हणून सांगतो, हात सुजू लागला की अंगठी, बांगड्या लगेच काढा. चोळू नका, ओढू नका. कामटी किंवा जाड पुठ्ठा लावून बांधा, फार आवळू नका. हात झोळीत घ्या अन् दवाखाना गाठा. बोटे निळी पडली, बधिर झाली, तर बांधलेले सैल करा. जखम असेल किंवा मूठ वळताना बोट बोटावर चढत असेल, तर ऑपरेशन लागू शकते. तिथे हयगय नको.

पट्टी मधेच सोडून औत धरू नका. राहिलेले काम भाऊबंद उरकतील. वाकडा जुळलेला हात मात्र जन्माचा राहील.