नवा कॅमेरा, जुनी नजर

(सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेसाठी अथवा कार्यालयासाठी चांगला कॅमेरा खरेदी झाला, की त्याची पहिली नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ती शेवटचीही नोंद ठरते. कॅमेरा कपाटात जातो आणि ध्वजवंदनाला बाहेर निघतो. तेव्हाही त्याची वरची चकती ‘ऑटो’ या हिरव्या खुणेवरच असते. मोबाइलने जे साधत होते तेच अधिक वजन उचलून साधायचे असेल, तर एवढा खर्च कशासाठी केला, असा प्रश्न मग ग्रामसभेत कोणी विचारला तर त्याला उत्तर देणे अवघड जाते.

म्हणून आरंभीच हे सांगितले पाहिजे, की मोबाइल हे हलक्या प्रतीचे साधन नव्हे. तो एका क्षणात अनेक चित्रे टिपतो, त्यांची बेरीज-वजाबाकी करतो आणि एक नेटके चित्र हाती देतो. मात्र हे सारे निर्णय तो स्वतः घेतो. मोठ्या कॅमेऱ्यात ते निर्णय आपल्याकडे येतात. शिवाय त्यातील प्रकाशग्राही पटल, म्हणजे सेन्सर, कितीतरी मोठे असते. मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यात ते साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद असते. मोबाइलमधील पटल त्याच्या मानाने नखाएवढे. उघड्या अंगणात परात ठेवली काय आणि वाटी ठेवली काय, पाऊस तोच. पण साठणाऱ्या पाण्यात फरक पडतो. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पटलाचा लाभ लगेच कळून येतो.

नवा कॅमेरा शिकावा कसा, याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा चलच्चित्र-कॅमेरा घेऊन आले. छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांनी पूर्वी केलेला होता. तेव्हा भिंग आणि प्रकाश त्यांना परके नव्हते. तरीही त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि ते रुजून वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. बी उगवताना दिसणारी ती चिमुकली फिल्म पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, हे सर्वश्रुत आहे. पण मला त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोज तोच विषय, तीच जागा आणि तोच कॅमेरा राहिल्यामुळे यंत्राचा स्वभाव माणसाला कळतो. आपणही ओसरीवर एक घागर ठेवावी आणि आठवडाभर तिचीच चित्रे घ्यावीत. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचा रोळ संपला की खिसा हलका होई, आणि कोणते चित्र कोणत्या मापाने घेतले ते वहीत लिहून ठेवावे लागे. आता प्रत्येक चित्राची मापे कॅमेरा स्वतःच चित्राबरोबर नोंदवतो. ती वाचण्याची सवय मात्र आपण लावून घेतली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात. ते पेलणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. ऑटोवर घेतलेल्या चित्रात ती शुभ्र बाराबंदी पुष्कळदा मळकट, करडी उतरते. दुसरे उदाहरण आपल्या काळ्या रानाचे घ्या. नुकत्याच नांगरलेल्या, पाऊस पिऊन काळ्याभोर झालेल्या जमिनीचे चित्र काढले, तर ती राखेसारखी फिकी दिसते. दोन्हींचे कारण एकच आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक मुळात असे गृहीत धरून चालतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड ते परत फेकते. समोर सगळे पांढरे आले की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो चित्र काळवंडवतो. सगळे काळे आले की उजेड कमी पडला असे समजून तो चित्र उजळवतो. अलीकडचे कॅमेरे दृश्य ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण ही मूळ खोड पूर्णपणे गेलेली नाही.

यावरचा उपाय कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे अशी खूण असलेले एक बटण शोधा. बाराबंदीसाठी ते अधिक एककडे न्या, काळ्या रानासाठी उणे एककडे. म्हणजे पांढऱ्याला अधिक आणि काळ्याला उणे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते, पण कारण समजले की विसर पडत नाही. खरी परीक्षा होते ती काळ्या रानात पांढरी खिलार जोडी उभी असते तेव्हा. त्या वेळी बैलांच्या पाठीवरचा उजेड सांभाळावा आणि रान जरा गडद झाले तर होऊ द्यावे. जळून पांढराफटक झालेला भाग मागाहून कोणत्याही उपायाने परत येत नाही. अंधारलेल्या भागातून मात्र बरेच काही काढता येते. त्यासाठी चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवावे. नेहमीच्या जेपीईजी स्वरूपात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. फाइल मोठी होते आणि ती संगणकावर घडवावी लागते, हे खरे. गावच्या सत्कारसमारंभाला रॉची गरज नाही. उगीच कार्ड भरू नये.

प्रकाश कमी-अधिक करण्याचे तीन मार्ग आहेत: भिंगाचे छिद्र, पडदा उघडा राहण्याचा काळ आणि आयएसओ. छिद्राच्या आकड्यांनी शिकणारा सुरुवातीस गोंधळतो, कारण आकडा लहान तसे छिद्र मोठे. यात गूढ काहीच नाही. तो आकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगावर २ हा आकडा म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. ४ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होते, आणि उजेडही पाव होतो. आमच्या गणिताच्या शिक्षकांना सातवी-आठवीच्या वर्गात वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

हे तीनही मार्ग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, ते पाहायचे तर सोलापुरात मागाच्या खोलीइतकी योग्य जागा नाही. एखादा यंत्रमाग चालू आहे, वर दोन ट्यूबलाइट आहेत आणि आपल्याला धावत्या धोट्याचे चित्र हवे आहे. समजा छिद्र ४, पडदा १/६० सेकंद आणि आयएसओ १६०० या मापांवर उजेड नीट जुळतो. पण १/६० सेकंदात धोटा बरेच अंतर कापतो. चित्रात त्याचा नुसता फराटा उमटतो. तो थांबवायचा म्हणून आपण १/५०० सेकंदावर गेलो. उजेड तीन पायऱ्यांनी घटला. तेवढाच भरून काढायचा तर आयएसओ १६०० वरून ३२००, ६४०० आणि मग १२,८०० करावा लागेल, आणि चित्रावर रवाळपणा येईल. छिद्र २.८ पर्यंत उघडणारे भिंग असेल तर एक पायरी वाचते. मात्र पुढचा धोटा स्पष्ट आणि मागचा विणकर धूसर, असे होऊ शकते. एका बाजूने घेतले की दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. हा हिशेब पंचायतीच्या अंदाजपत्रकाहून निराळा नाही.

त्यात आणखी एक अडचण येते, आणि पुस्तिकेत ती सहसा ठळकपणे दिलेली नसते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते कळत नाही, १/५०० सेकंदाच्या पडद्याला कळते. लागोपाठच्या चित्रांत एक उजळ, एक अंधुक, तर एकात आडवे पट्टे, असा प्रकार दिसला की कॅमेरा बिघडला असे समजून दुकानाकडे धाव घेऊ नये. १/१०० किंवा १/५० सेकंदावर हा दोष बहुधा नाहीसा होतो. माझे स्वतःचे मत असे, की धोट्याचा फराटाच राहू द्यावा. त्याने माग चालू असल्याचे कळते. मात्र विणकराचा हात आणि चेहरा स्थिर असलेला क्षण पकडावा.

चादरीविषयी एक सूचना. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या नक्षीची चित्रे प्रदर्शनासाठी, सूचीसाठी वारंवार लागतात. बारीक विणीच्या कापडाचे चित्र घेतले की कधी कधी मुळात नसलेल्या लहरी आणि रंगीत पट्टे त्यावर दिसतात. कापडाचे धागे आणि सेन्सरवरील बिंदूंच्या रांगा यांची गाठ पडल्याने ते घडते. पाऊलभर पुढे-मागे सरकावे, अथवा कॅमेरा किंचित तिरका धरावा. एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

सोलापूरच्या जुन्या कापडगिरण्या बंद पडल्या. त्या चालू असताना खात्याच्या आत काय दिसे, साचावर कामगार कसा उभा राही, याची चित्रे आज किती घरांत निघतील? भोंगा ऐकलेली माणसे भेटतात, आतले चित्र दाखवणारी विरळा. हातमागाच्या बाबतीत तसे होऊ नये, असे वाटत असेल तर ते काम या सभागृहातीलच कोणीतरी करावयाचे आहे; बाहेरून कोणी येणार नाही.

यापेक्षाही जुन्या ठेव्याबद्दल बोलतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वराचे मंदिर आहे. तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांमध्ये गणला जातो. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी वीज मंडळातील नोकरी सांभाळून अशा लेखांचा शोध घेतला आणि हा लेख अभ्यासकांपुढे आणला. त्या पिढीची रीत ठशांची होती: ओला कागद दगडावर ब्रशाने ठोकून बसवायचा आणि वर शाई फिरवायची. आज कॅमेऱ्याने दगडाला स्पर्शही न करता वाचनीय प्रत मिळू शकते, पण समोरून फ्लॅश टाकून ती मिळत नाही. समोरच्या उजेडात अक्षरांच्या खाचा सपाट होऊन जातात. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, आयएसओ १००, छिद्र ८ आणि पडद्याचा काळ लागेल तेवढा, चार सेकंद तर चार सेकंद. दोन सेकंदांनी उघडणारा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. मग विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून एका बाजूने तिरपा उजेड सोडावा. खाचेत सावली भरते आणि झिजलेले अक्षर वर येते. उजवीकडून, डावीकडून, वरून अशी निदान चार चित्रे घ्यावीत, कारण एका उजेडात लपलेली रेघ दुसऱ्यात सापडते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षरांत खडू, चुना वा तेल भरण्याचा मोह आपल्या गावोगावी आढळतो. तो कटाक्षाने टाळावा. स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, हे सांगायला नको. याच ठिकाणी ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. ते एका चित्रात पुरते मावत नाही. सभोवती फिरून समान अंतरावरून चित्रमालिका घ्यावी लागते.

नान्नजबद्दल थोडक्यात. १९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या त्या माळावर आता माळढोक दिसणे अतिशय दुर्मीळ झाले आहे. लांब पल्ल्याचे भिंग मिळाले म्हणून पक्ष्याच्या घरट्याकडे सरकणे हा अपराध समजावा. काळविटांची चित्रे वाटेवरून होतात.

पंचनाम्याच्या कामात मात्र माझा कौल मोबाइलला आहे. गारपिटीने द्राक्षबाग झोपली असता चित्र कोठे व केव्हा घेतले, हे महत्त्वाचे. आणि मोबाइल स्थाननोंद आपोआप करतो. पुष्कळ मोठ्या कॅमेऱ्यांत ती सोय नसते. महाराष्ट्रात २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाइलवरच बेतलेली आहे. मोठा कॅमेरा उपयोगी पडतो तो कामाच्या दीर्घ नोंदीसाठी. नाला खोल केला, बांध घातला, झाडे लावली. तर एक पक्की खूण ठरवावी, त्याच खुणेवरून, भिंगाच्या त्याच मापावर, साधारण त्याच वेळी दर तीन महिन्यांनी चित्र घ्यावे. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, तरी मालिका तुटता कामा नये. बिलावर तक्रार निघाली की ही मालिका दहा साक्षीदारांचे काम करते. चुकार कंत्राटदाराला तिचा धाकही राहतो.

पण ती साक्ष टिकावयाची, तर कॅमेऱ्यातील तारीख-वेळ बरोबर हवी. बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवली की घड्याळ मागे पडून पहिल्या तारखेवर जाते आणि २०२४ च्या बांधावर भलतेच साल उमटते. तेव्हा कपाटातून कॅमेरा काढल्यावर पहिले काम तारीख पाहण्याचे. मूळ फाइल कधीही खोडू वा रंगवू नये. सुधारणा प्रतीवर कराव्यात. मूळ दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, एक कार्यालयात आणि एक शाळेत. मे महिन्याच्या उन्हात जीपच्या काचेमागे कॅमेरा सोडू नये, आणि माळावर वारा सुटलेला असताना भिंग बदलू नये. धुळीचा कण सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक आभाळात तोच काळा ठिपका दिसतो.

चकती उद्यापासून ‘ए’ अथवा ‘एव्ही’ या खुणेवर न्या. तेथे छिद्र आपण ठरवायचे, बाकी कॅमेरा पाहून घेतो. महिनाभर तेवढेच. त्यानंतर पडदा, आणि सर्वांत शेवटी ‘एम’. आपापले कॅमेरे आपण बरोबर आणले आहेत. ते आता बाहेर काढावेत, आणि ज्यांना अधिक-उणेचे बटण सापडत नसेल त्यांनी पुढे यावे.