खोडलेलं रीडिंग



पत्रिकेवर विषय आहे 'बॅक टायट्रेशनने अनोळखी सेंद्रिय आम्लाचा रेणुभार'. मी मात्र एकच आग्रह घेऊन आलोय: ब्युरेटचं रीडिंग खोडू नये.

मोल, नॉर्मॅलिटी तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे जातो. बेंझोइकसारखी आम्लं थंड पाण्यात धड विरघळत नाहीत. म्हणून वजन केलेल्या आम्लात कॉस्टिक सोडा मुद्दाम जास्त घालायचा आणि उरलेला सोडा हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजायचा. तेवढाच सोडा आम्लाविना मोजला की ब्लँक. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या आम्लाने खाल्लेला सोडा. सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत असतो, म्हणून ब्लँक त्याच दिवशी, त्याच बाटलीचा घ्यायचा. (पुढच्या रांगेतून: "फिनॉल्फ्थॅलीन!") होय सर, गुलाबी रंग जाईपर्यंत.

आता माझी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. आम्ल 0.59 ग्रॅम, हायड्रोक्लोरिक 0.5 मोलर. ब्लँक 38.4 मिलि, बॅक 18.4. फरक 20, म्हणजे 0.01 मोल सोडा, भागाकार 59. मी घाबरलो. वर्गात सगळे म्हणत होते, बेंझोइक येणार, 122. मग 18.4 वर काट मारली, 28.7 लिहिलं. उत्तर 121.6! (हशा) हसा, पण इथल्या किती जणांनी उत्तर आधी आणि रीडिंग नंतर लिहिलंय? (शांतता) मास्तरांना दोष देत नाही, सर. मीही तीस वर्षं शिकवलंय. मार्क उत्तराला मिळतात, तोवर मुलं हेच करणार.

एक्स्टर्नल सरांनी वही उजेडात धरली, काटेखालचं 18.4 वाचलं आणि म्हणाले, "मेल्टिंग पॉइंट घे." बेंझोइक 122 अंशांना वितळतं, आकडा रेणुभाराचाच, गंमत आहे. केशनळीतली भुकटी 122 ला तशीच कोरडी. 150, तशीच. सर शेजारी उभे...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग लीबिगचं 1838 मधलं काम एका वाक्यात: सेंद्रिय आम्लात सोड्याशी जुळणारे हायड्रोजन एकाहून जास्त असू शकतात. चिंचेतल्या टार्टारिकचा रेणुभार 150, पण टायट्रेशनमध्ये येतात 75. हातात पडतो तो तुल्यभार. त्याला कितीने गुणायचं, हे ब्युरेट सांगत नाही. ते दुसरीकडून शोधावं लागतं.

तर, 180 च्या पुढे भुकटी ओलसर दिसू लागली. सक्सिनिक आम्ल! दोन हायड्रोजन, रेणुभार 118, त्याचा निम्मा 59. सरांनी माझं 28.7 खोडलं आणि 18.4 वर गोल केला.