नोकरीची मुलाखत आणि आपली मुले
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात, वडोदरे येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला 'विद्यार्थ्यांस मार्गदर्शन' असा विषय नेमून दिला होता. तो फार विस्तीर्ण आहे, म्हणून त्यातला एकच तुकडा मी घेतो : नोकरीची मुलाखत. आणि बोलणार आहे तो विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आईवडिलांशी. आपला ट्रस्ट शिष्यवृत्ती देतो, मुले मन लावून शिकतात, पदविका हाती येते, लेखी चाचणीतही नाव लागते. आणि मग पंधरा मिनिटांच्या बैठकीत घोडे अडते. शाळा सोडून गेलेली मुले निकाल सांगावयास माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे वाक्य ठरलेले असते : "सर, येत होतं सगळं, पण बोलताच आलं नाही."

आपल्या घरांत, मग ती हिंदूंची असोत की आम्हा मुसलमानांची, चांगले मूल म्हणजे मोठ्यांपुढे तोंड न उघडणारे मूल. पाहुणे आले की त्याने पाण्याचा तांब्या ठेवावा आणि आत जावे. पाहुण्यांनी विचारले, "काय रे, कितवीत आहेस?" तर उत्तर आई देते. वीसएक वर्षे हा पाठ गिरवून झाल्यावर एके दिवशी तीन अनोळखी वडीलधारी माणसे टेबलापलीकडे बसतात आणि म्हणतात, स्वतःविषयी सांगा. त्या मुलाने काय सांगावे? बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतील पाठ केलेली चार इंग्रजी वाक्ये तो म्हणून टाकतो. मी मेहनती आहे, मला वाचनाची आवड आहे, माझा दोष म्हणजे मी फार काम करतो! मुलाखत घेणाऱ्यांनी हे त्या दिवशी सकाळपासून दहा वेळा ऐकलेले असते.

गेल्या वर्षी यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेतलेला एक मुलगा माझ्याकडे सरावासाठी आला. त्याचेही असेच चालले होते. मला ठाऊक होते की त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि रविवारी हाच ती चालवतो. मी विचारले, "गिरणीचं काय?" तो ओशाळला; अर्जात त्याने ते लिहिलेच नव्हते. मी म्हटले, "पीठ गरम का येतं ते सांग." मग गडी जो सुटला! दगड फार जवळ आले म्हणजे काय होते, दगडाला टाकी केव्हा लावावी लागते, पट्टा सैल पडल्याचे आवाजावरून कसे कळते, ओलसर धान्य आणणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत कशी घालावी. घर्षण, वेग, देखभाल, माणसांशी वागणे, सारे त्यात आले. कारखान्याच्या मंडळाला दुसरे काय ऐकावयाचे असते? पण हे ज्ञान आहे असे त्याला घरात कोणी कधी सांगितले नव्हते.

या आपल्या शहराशी जोडलेली एक मुलाखत इतिहासात नमूद आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचे शिक्षण पैशांवाचून अडले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. माझे लक्ष दरवेळी केळुसकरांकडे जाते. मुलाच्या अंगी काय आहे ते त्यांनी आधीच हेरले होते, म्हणून त्याला कोठे उभे करावे हे त्यांना कळले.

काही पालक विचारतात, सरकारनेच मुलाखती बंद केल्या ना? केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती काढून टाकल्या, हे खरे. पण मकरपुरा, सावली, हालोल येथील कारखान्यांनी त्या काढलेल्या नाहीत. आणि आपली बहुतेक मुले जातात ती तेथेच. नागरी सेवा परीक्षेतही एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात.

"सर, नाव वाचूनच ठरवतात का?" असेही मला विचारण्यात येते, आणि माझे स्वतःचे नाव पाहता ते मलाच विचारावे हे स्वाभाविक आहे. असे कधीच घडत नाही, असे मी सांगत नाही. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. दोन-तीन मिनिटांची मुलाखत आणि तीतही विषयाऐवजी आईबाप, गाव यांची चौकशी, अशी तक्रार होती. न्यायालयाने १९८० च्या निकालात मुलाखतीस एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे गैर ठरवले. तेव्हा ही शंका आजची नव्हे आणि केवळ मनाचा खेळही नव्हे. पण ज्या मुलाजवळ सांगण्यासारखे भरपूर असते, त्याला नुसते नावगाव विचारून वाटेला लावणे मंडळालाही थोडे जड जाते, इतके मी पाहिले आहे.

भाषेविषयी थोडे. घरी मराठी, गल्लीत गुजराती, मंडळापुढे इंग्रजी, अशी आपल्या मुलांची ओढाताण होते. मी आधी आपले काम मराठीत सांगावयास लावतो. मराठीत नीट सांगता आले नाही तर अडचण इंग्रजीची नसते. मग तेच सोप्या इंग्रजीत, लहान वाक्यांत.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण नडतात त्याच. अर्जाची प्रत पुन्हा वाचावी. त्यातील प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. मूळ दाखले आदल्या रात्री पिशवीत ठेवावेत. मोबाईलवर मुलाखत असेल तर उजेड तोंडावर यावा, पाठीवर नको, आणि घरातला कुकर तेवढा वेळ थांबवावा. येत नसेल ते येत नाही म्हणावे. मुलींना लग्नाचे विचारतात; 'कामाच्या वेळा मला मान्य आहेत' एवढे उत्तर पुरे. रात्रपाळीला बस आहे का, हे मात्र तिने जरूर विचारावे. तो उद्धटपणा नव्हे.

आता विश्वस्तांना एक विनंती. हे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. एक टेबल, चार खुर्च्या, आणि कारखान्यांतून किंवा कचेऱ्यांतून निवृत्त झालेली तीन माणसे मला हवी आहेत. दर रविवारी दोन मुले त्यांच्यापुढे बसतील, अर्धा-अर्धा तास. आईवडिलांनीही यावे, मागच्या बाकावर बसावे, आणि प्रश्न मुलाला विचारला असता उत्तर आपण देऊ नये. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जेवणापूर्वी चिटणीसांकडे नावे द्यावीत. वही त्यांच्याजवळ आहे.