रिकामा डबा परत करू नये



आपल्या मराठी कार्यक्रमातला सगळ्यात दुर्लक्षित भाग कोणता? आभारप्रदर्शन. आमच्या इंदूरच्या मंडळात तर वक्ता "आता आभार..." म्हणाला की खुर्च्या सरकायला लागतात, लोक चपला शोधायला लागतात. आभार म्हणजे कार्यक्रम संपला, आता घरी चला. आज मी तुम्हाला एका सणाबद्दल सांगणार आहे. त्या सणात कृतज्ञता भरपूर असते, पण तिच्यानं काहीच संपत नाही.

मी गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या सुट्टीत दहावीच्या मुलांचे वर्ग घ्यायला मी लडाखमधल्या एका गावी गेलो. त्याच वर्षी श्रावणात माझे वडील गेले होते. घरी दिवाळी झाली नव्हती. त्या रिकाम्या खुर्चीपासून थोडं लांब जावं, असंही मनात होतं. गाव लेहपासून दूर, एका आडखोऱ्यात. तीसेक घरं. शेवटचा रस्ता बर्फानं बंद, म्हणून पाठीवर सामान घेऊन चालत जायचं.

मला वाटायचं, एवढं बर्फ म्हणजे केवढं संकट! पण लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण 100 मिलिमीटर पाणी पडतं. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवसात त्याहून जास्त पडतं. तिथलं सातूचं शेत पिकतं ते डोंगरावरचं बर्फ वितळून पाटानं खाली येतं म्हणून. वसंतात पेरणीच्या वेळी हे पाणी कमी पडतं. त्यासाठी छेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यानं हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी अडवून, गोठवून गावांजवळ कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी ज्या घरात राहत होतो तिथली आजी रोज सकाळी शिखरांकडे बघायची. आपला शेतकरी मृगाच्या ढगांकडे बघतो ना, अगदी तशी. शिखर पांढरं दिसलं की तिचा चेहरा खुलायचा.

त्यांचा नववर्षाचा सण म्हणजे लोसर. तिबेटी पंचांगाप्रमाणे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, पण लडाखमध्ये दोन महिने आधी, बहुतेक डिसेंबरात साजरा करतात. सतराव्या शतकात राजा जामयांग नामग्याल लढाईवर निघाला होता, नववर्षाआधी निघणं बरं नाही असं सांगितलं गेलं, म्हणून त्यानं नववर्षच अलीकडे ओढलं, अशी तिथे कथा सांगतात. लोसरच्या काही दिवस आधी त्सोंगखापा या थोर आचार्यांच्या स्मरणार्थ घराघरांवर दिवे लावतात. ते दिवे पाहिले आणि मला घरची न झालेली दिवाळी आठवली. मी सरळ खोलीत जाऊन बसलो.

लोसरच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गडबड होती. चुलीत शेणाच्या गोवऱ्या धगधगत होत्या, नात कणकेचे छोटे रानबोकड करत होती. आजीनं घरातल्या गेलेल्या माणसांसाठी अन्न वेगळं काढायला घेतलं. एकेक नाव घ्यायची, एकेक वाटा ठेवायची. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. नातीनं हिंदीत सांगितलं, "आबी-ले विचारताहेत, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. आजीला ते नीट उच्चारता येईना. तिनं दोनदा विचारून घेतलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं आणि आणखी एक वाटा ठेवला. श्रावणानंतर मी तिथे पहिल्यांदा रडलो.

मी "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिलो. नात हसली. लडाखीत भेटताना म्हणतात "जुले", निरोप घेताना "जुले", आणि आभार मानतानाही "जुले". मला ते फार आवडलं. ज्या शब्दानं आभार मानायचे, त्याच शब्दानं उद्या पुन्हा हाक मारायची.

हे नुसतं शब्दापुरतं नाही. तिथे फासपुन नावाची व्यवस्था आहे. आपल्या भावकीसारखी, पण रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही, कुलदैवत एक असतं. घरात जन्म, लग्न, मृत्यू काहीही असो, फासपुनमधली घरं कामाला येतात. माणूस गेला की अंत्यसंस्काराची सगळी कामं तेच उचलतात, घरच्यांना फक्त दुःख करायला मोकळं ठेवतात. अशा उपकाराची फेड कशी करणार? ती करायचीच नसते. आज त्यांनी खांदा दिला, उद्या आपण द्यायचा. बर्फानं वाट बंद झालेल्या गावात फिटलेला हिशेब काय कामाचा? चालू असलेला हिशेबच तुम्हाला जगवतो.

परत आल्यावर मी आईबरोबर बसून एक यादी केली. बाबांना रात्री दोन वाजता दवाखान्यात कोणी नेलं? तेरा दिवस चहाचा थर्मास कोणाकडून आला? पुढच्या दिवाळीत फराळ घेऊन त्या प्रत्येक घरी गेलो. आभाराचं भाषण केलं नाही. नुसता बसलो, विचारपूस केली. रात्री गाडी काढणाऱ्या काकांची नात गणितात अडकली होती. ती आता माझ्याकडे शिकायला येते. परवा काकांनी परसातले पेरू डबाभर पाठवले.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे, शेजारचा डबा रिकामा परत करू नये. चिमूटभर साखर तरी घालावी. माझी आजी हे सांगायची तेव्हा मला तो नुसता रिवाज वाटायचा. आता वाटतं, आपल्या लोकांनाही ती बर्फातली गोष्ट ठाऊक होती.

तुमच्याही घरात असा कोणाचा तरी डबा राहिला असेल. या सणाला तो शोधा, आणि त्यात काहीतरी घालून परत द्यायला स्वतः जा.

जुले.